अठ्ठाविसानंतरचा उतार

६ जून

ताई,

'शि. सा. न.' असं लिहायला घेतलं आणि थांबले. तीन वर्षांत जिने तुला साधा नमस्कार घातला नाही, तिने एकदम साष्टांगावर येणं जरा जास्तच झालं असतं. म्हणून नुसतंच 'ताई'.

पत्र का, ईमेल का नाही? तर ईमेल तू न उघडता उडवतेस, हे मला भाऊजींकडून कळलं. त्यांना रागावू नकोस, मी तीनदा खोदून विचारलं तेव्हा कुठे बोलले. पाकीट फेकायचं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

आईच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन छान झालं. आता तिला सगळं लख्ख दिसतं आणि त्याची फळं मी भोगतेय. काल पंख्याची पाती बघून म्हणाली, "अगं बाई, ही इतकी वर्षं अशीच होती?" आज स्वयंपाकघरातले डबे खाली आलेत. उद्या बहुतेक माझी पाळी.

ऑफिस आहे तसंच आहे. खिडकीजवळचं तुझं टेबल आता प्रिंटरला दिलंय. तूर्तास साहेब अजून प्रत्येक वाक्य 'तूर्तास'नेच सुरू करतात. त्या माणसाच्या आयुष्यात कायमचं असं काही नाहीच. यंत्रणा किती गर्दी पेलतात ते तपासणाऱ्या मोजणी विभागाचं मला प्रमुख केलंय, हे आईने सांगितलंच असेल. आणि रक्तपेढ्यांची नवी यंत्रणा तयार झालीये. सतरा हॉस्पिटलांपैकी कुठल्या फ्रीजमध्ये कुठल्या गटाच्या किती पिशव्या, हे सांगणारी तू बांधलेली यंत्रणा पुढच्या महिन्यात बंद होईल आणि तिच्या जागी ही बसेल.

एक विचारायचं होतं, सहज. त्या शेवटच्या मीटिंगमध्ये तू म्हणाली होतीस, "हीच मोजणी दोन मशीनवरून करून बघ." ते का म्हणाली होतीस? काही विशेष नाही. मधेच आठवलं, म्हणून विचारते.

भाऊजींना नमस्कार.

तुझी धाकटी

१४ जून

ताई,

उत्तर नाही. पण भाऊजी म्हणाले की पाकीट उघडलेलं होतं आणि आता ते तुझ्या कपाटात आहे. कचऱ्यात नाही, कपाटात. मी एवढ्यावरही खूश आहे.

'सहज' हे खोटं होतं. तुला ते पहिल्याच ओळीत कळलं असणार, लहानपणापासून माझं खोटं तू आईच्या आधी पकडायचीस.

परवा आईने शेवटी विचारलंच, "तुम्ही दोघी नेमक्या भांडलात कशावरून?" तीन वर्षं बिचारी गप्प होती. मी तिला तिच्याच भाषेत सांगितलं. म्हटलं, समज एका स्वयंपाकघरात एक बाई तासाला वीस पोळ्या करते. दोन बायका आल्या तर चाळीस व्हायला हव्यात, पण होतात छत्तीस, कारण तवा एकच आणि रांग लागते. हा झाला पहिला आकडा, रांगेचा. माणसं वाढवली की पोळ्या वाढतात, पण कमी कमी वाढतात. दुसरा आकडा त्याहून वाईट. बायका दहा झाल्या की जी ती दुसरीला विचारत सुटते, मीठ घातलंस का, कणीक किती उरली, आता कोण लाटतंय? प्रत्येकीने प्रत्येकीला विचारायचं. मग एक वेळ अशी येते की अकरावी बाई आत आली की पोळ्या वाढायच्या सोडून कमी होतात. डेटाबेसचंही तसंच असतं. एकाच वेळी किती माणसं प्रश्न विचारतायत आणि सेकंदाला किती उत्तरं बाहेर पडतायत, ते मोजून कागदावर टिंबं मांडायची. त्या टिंबांवर सूत्राची रेघ बसवली की हे दोन आकडे हाती येतात आणि रेघ कुठून खाली वळणार ते आधीच कळतं.

"बरं मग?" आई म्हणाली.

"मग मी मोजलं तेव्हा ताईच्या यंत्रणेची रेघ अठ्ठावीस माणसांना वळली. सकाळी सगळी हॉस्पिटलं मिळून साठ माणसं येतात. मी सगळ्यांसमोर उभी राहून म्हटलं की हा दुसरा आकडा म्हणजे या रचनेचा रोग आहे, आणि तो औषधाने जायचा नाही."

आई बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. आता डोळाही चांगला झालाय तिचा. मग म्हणाली, "सगळ्यांसमोर? बहिणीला?"

'रोग' हा शब्द गरजेचा नव्हता, ताई. आकडा सांगून मला खाली बसता आलं असतं. पण तू घरातली हुशार, मी तुझ्या मागून आलेली. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या हातात असं काही होतं की जे तुझ्याकडे नव्हतं. आणि तू दोन मशीनचं काढलंस तेव्हा मला वाटलं, झालं, नाचता येईना म्हणून आता अंगण वाकडं. तसं बोललेही मी. लोक हसले.

आता खरी गोष्ट. गेल्या महिन्यात नवी यंत्रणा मोजायला आली. वेगळी माणसं, वेगळी रचना, तुझी एकही ओळ तिच्यात नाही. मी मोजली. ती अठ्ठावीसला वळली.

दुसरा आकडाही तोच. शून्य पूर्णांक, मग दोन शून्यं, मग बारा. तुझ्या वेळी होता तोच.

रेघ वळल्याचं तेवढं नव्या यंत्रणेच्या प्रमुख बाईंना कळवलंय; आकडा तुझ्याच आकड्याशी जुळतो, हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.

धाकटी

१९ जून

ताई,

सापडलं. उभ्याने लिहितेय, बसवत नाहीये.

दोन वेगळ्या घरांतल्या दोन माणसांना अगदी सारखाच ताप निघाला तर शहाण्या माणसाने थर्मामीटर झटकून बघावा. मला ते सुचायला पाच आठवडे लागले, कारण थर्मामीटर मी स्वतः बनवलेला होता.

माझा मोजणीचा प्रोग्रॅम आठवतो? त्यात मी खोटी माणसं बनवते, ती खऱ्या माणसांसारखी यंत्रणेला प्रश्न विचारतात आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते टिपतात. पहिल्या आवृत्तीत ज्याची त्याची वही वेगळी होती. मग तूर्तास साहेबांना मोजणी चालू असतानाच पडद्यावर आलेख हलताना बघायचा होता. पाहुणे आले की ते त्यांना माझ्या टेबलापाशी आणायचे, आणि मला काय, गुदगुल्याच. मी हौसेने नाचरा आलेख बनवून दिला. त्यासाठी सगळ्या खोट्या माणसांना एकच सामाईक वही दिली. प्रत्येकाने आपली वेळ लिहायची, पण लिहिण्याआधी बाकी सगळ्यांनी काय लिहिलंय ते वाचून ताजी सरासरी काढायची.

प्रत्येकाने प्रत्येकाला विचारायचं. तो दुसरा आकडा माझ्या वहीचा होता, ताई. तू म्हणालीस तसं दोन मशीनवरून मोजलं असतं, तर वहीभोवतीची गर्दी फुटून हे तेव्हाच दिसलं असतं. तुझी यंत्रणा रिकामी बसून माझ्या खोट्या माणसांची वाट बघत होती आणि ती सगळी त्या वहीभोवती गर्दी करून उभी होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. चोर तर चक्क न्यायाधीशाच्या खुर्चीत बसला होता.

काल नाचरा आलेख काढून टाकला. खोटी माणसं चार मशीनवर वाटून दिली, ज्याची त्याची वही पुन्हा वेगळी केली आणि तुझी यंत्रणा पुन्हा मोजली. अठ्ठावीस आले आणि रेघ वर गेली. चाळीस, वर. साठला तर मी खुर्ची मागे सारून उभीच राहिले. शंभरापाशी ती सपाट व्हायला लागली. सूत्राप्रमाणे वळण एकशे दहाच्या आसपास येतं. दुसरा आकडा शून्य पूर्णांक, चार शून्यं आणि आठ. आधीच्या जेमतेम पंधरावा भाग.

मला हसू येत होतं, पण ते टिकलं नाही. 'थांबा' आठवलं. तू नोकरी सोडून गेल्यावर माझ्याच शिफारशीवरून तुझ्या यंत्रणेला कुलूप घातलं होतं: एका वेळी पंचवीसच माणसं आत, बाकीच्यांच्या पडद्यावर 'थांबा'. तीन वर्षं रोज सकाळी रक्तपेढ्यांमधली माणसं ते 'थांबा' बघत बसली आणि कंटाळून एकमेकांना फोन करत सुटली. दारावर कुलूप होतं, त्यामुळे खरी गर्दी तुझ्या यंत्रणेने कधी पाहिलीच नाही आणि माझी चूक कुणाला दिसलीच नाही.

आज दिवसभर मी तीन वर्षांतली प्रत्येक तातडीची मागणी नोंदींमधून काढून तपासली. कुणाचं रक्त चुकलेलं नाही. लोकांनी फोनवरून, पायपीट करून, सगळं वेळेत पोचवलं. शेवटचं पान संपलं तेव्हा मी टेबलावर डोकं टेकून किती वेळ तशीच बसले होते.

उद्या अकरा वाजता साहेबांना सांगणार. नोकरीचं काय होईल माहीत नाही. तुझं काय झालं होतं ते मात्र माहीत आहे, म्हणून आधी तुला लिहिलं.

धाकटी

२७ जून

ताई,

सांगितलं. त्याच खोलीत, त्याच पडद्यावर, झाडून सगळ्यांना बोलावून. साहेब म्हणत होते, "तूर्तास आपण दोघांतच ठेवू." मी म्हटलं, चूक सगळ्यांसमोर केली, तर दुरुस्ती कोपऱ्यात कशी करू?

दोन्ही रेघा एकावर एक ठेवल्या. जुनी अठ्ठावीसला वाकलेली, नवी वर चढत गेलेली. म्हटलं, वरची यंत्रणेची आहे आणि खालची माझी. नव्या यंत्रणेची प्रमुख पहिल्या रांगेत बसली होती. तिने डोळे मिटून एवढा मोठा सुस्कारा सोडला, की मला कळलं, ती पाच आठवडे झोपलेली नाही. म्हणाली, "मी घरी राजीनामा लिहून ठेवलाय." मी म्हटलं, "फाडा. तुमचीही मोजलीय, नव्वदपर्यंत जाते." मग तुझी किती जाते ते कळल्यावर तिचं तोंड जरा उतरलं, पण ते चालायचंच.

साहेबांनी दोन्ही रेघा पुन्हा एकदा बघितल्या. मग म्हणाले, "तूर्तास तुम्ही प्रमुख नाही." मी म्हटलं, बरोबर आहे. माझी खुर्ची आता दाराजवळ आहे, वारा छान येतो. गंमत म्हणजे मला रात्री गाढ झोप लागली. आईने सकाळी हलवून उठवलं, तिला वाटलं आजारी पडले.

ठरलं ते असं. तुझी यंत्रणा बंद होणार नाही. नव्यातले दोन चांगले पडदे तिला जोडायचे, बाकी तीच राहणार. आणि सोमवारी सकाळी साडेआठला कुलूप काढलं. मी श्वास रोखून आकडे बघत होते. तीस. एक्केचाळीस. अठ्ठावन्न. काहीही झालं नाही. काही न होणं इतकं सुंदर असू शकतं हे मला माहीत नव्हतं.

नऊ वाजता फोन वाजला. लांबच्या हॉस्पिटलच्या रक्तपेढीतल्या बाई. काळजीच्या आवाजात म्हणाल्या, "अहो, आज 'थांबा' आलंच नाही. बिघडलंय का काही?"

मी म्हटलं, "नाही हो. बिघडलं होतं, ते आज नीट झालं."

"मग आता मी काय करू?" त्या म्हणाल्या. "त्या वेळात माझा चहा व्हायचा."

ताई, मला तुझ्याकडून काही नको. माफी मागायलाही लाज वाटते, पण मागते. तू खरी होतीस, तू ओरडून सांगत होतीस, आणि मी ऐकलं नाही. मनात येतं, तीन वर्षं तू तिकडे बसून म्हणत असशील, कधी कळणार या मूर्ख मुलीला? तर आता कळलं.

धाकटी

२ जुलै

मोजपट्टी,

चारही पत्रं मिळाली; लिहायला बसले आणि तुझं लहानपणीचं नावच आलं. चौथं मी वाचनालयात वाचलं आणि मग तासभर नुसतीच बसून राहिले. ग्रंथपाल बाईंना वाटलं, आईचं काही झालं.

तुझी एक गोष्ट चुकलीय. मी रागाने गेले असं तू धरून चाललीस. अगं, रागावले असते तर भांडले असते. मी भांडते कशी ते तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? मी गेले, कारण तुझी रेघ मला खरी वाटली. घरी येऊन मी स्वतः तुझ्या टिंबांवर सूत्र बसवून बघितलं होतं, तीन वेळा. दर वेळी तोच आकडा. दोन मशीनचं मी बोलले ते काही मला माहीत होतं म्हणून नाही. बुडत्याला काडीचा आधार, तसं तोंडातून निघालं. तू 'अंगण वाकडं' म्हणालीस तेव्हा मनात म्हटलं, खरंच आहे हिचं.

इथे मी पुस्तकांच्या नोंदींची यंत्रणा सांभाळते. एका वेळी दोन माणसं ती वापरतात, ग्रंथपाल बाई आणि मी. मुद्दाम असं काम शोधलं. दोन माणसांत रेघ वाकायची भीती नाही. ह्यांनाही कधी सांगितलं नाही. ह्यांना वाटतं मला पुस्तकं आवडतात.

तीन वर्षं मला वाटत होतं की माझ्या हातातच काहीतरी कमी आहे. आणि तू लिहितेस, मी तिकडे खरी होऊन बसले होते. वेडी कुठली.

आता कामाचं. नवी मोजणी तू प्रत्येक टिंबाला किती वेळा केलीस? पत्रात कुठे नाही, म्हणजे एकदाच. एकदा मोजून रेघ मारतेस आणि वर सगळ्यांना बोलावून दाखवतेस? चार मशीनची घड्याळं जुळवलीस का? यंत्रणा तापून वेग धरायला किती मिनिटं दिलीस? शंभराच्या पुढे टिंब नसताना वळण एकशे दहाला, हे कुणाच्या भरवशावर? एकदा तोंड पोळलं तरी फुंकून पिणं म्हणून नाहीच.

मला इथूनच यंत्रणेत शिरायची परवानगी काढून दे. मी मोजणार आहे. प्रोग्रॅम मी माझा लिहीन, तुझा नको.

आईच्या डोळ्यात औषध वेळेवर घाल.

ताई

११ जुलै

ताई,

तुझं पत्र आलं तेव्हा आई घाबरली. मी दारातच पाकीट फोडलं आणि 'एकदा मोजून रेघ मारतेस' इथपर्यंत येऊन रडायलाच लागले. आई म्हणाली, "काय लिहिलंय एवढं?" मी म्हटलं, "ओरडलीय." आई म्हणाली, "मग बरं आहे की." आणि ती पण रडायला लागली. नवा डोळा ओला करायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, पण ऐकतंय कोण?

बाकीचं पत्र मी मागच्या अंगणात जाऊन वाचलं. दोन माणसांचं ते वाचून जे वाटलं, ते मला अजून नीट लिहिता येत नाही. तुझ्या रागाची मी तीन वर्षं तयारी केली होती. तू माझ्यावर विश्वास ठेवला असशील, हे एकदाही मनात आलं नाही.

परवानगीवर साहेबांनी सही केली, "तूर्तास एका दिवसासाठी" असं लिहून. तुझ्याकडे काय झालं ते तुला माहीतच आहे, माझ्याकडचं सांगते. रविवारी दुपारी ऑफिसात मी एकटी होते. तुझ्या वाचनालयातून तुझी खोटी माणसं यायला लागली आणि माझ्या पडद्यावर नुसता आकडा. नाचरं काही नाही. तू एका टिंबाला सहा वेळा मोजत होतीस. चोवीस, सहा वेळा. अठ्ठावीस, सहा वेळा. अठ्ठाविसावर तू जरा जास्तच रेंगाळलीस, नाही का? मला कळत होतं. मी फोन उचलून ठेवत होते, म्हटलं आपण मधे बोलायचं नाही. मग चाळीस आले, आणि तू वेग घेतलास.

तुझं नाव फोनवर दिसलं तेव्हा मला बटण सापडेना.

तू म्हणालीस, "एकशे चाळीसपर्यंत नेलं गं. वळण एकशे सहाला येतं, एकशे दहाला नाही." मी म्हटलं, "बरं." तू म्हणालीस, "नंतर उतरतं, पण किती हळू." मी म्हटलं, "हो, दिसलं मला." तुझ्या मागे कुणीतरी पुस्तकांची गाडी ढकलत होतं, तिची चाकं ऐकू येत होती. मी विचार करत होते की आता ही काय म्हणेल, आणि जे म्हणेल ते मी ऐकून घेईन.

आणि तू अगदी हळू विचारलंस, "माझंच आहे ना गं हे?"

मी तेव्हा नुसतं 'हो' म्हटलं, आणि ते पुरेसं नव्हतं. म्हणून हे पत्र. नीट, कागदावर, सहीनिशी सांगते: तुझंच आहे, ताई. ती तीन वर्षंही तुझंच होतं.

तुझी,
मोजपट्टी